सहा मिनिटांचा चहा

मोरोबोशीने किमोनोची उजवी बाजू वर घेतली होती. तसा किमोनो फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. किनुएबाईंना ते दारातूनच दिसलं, पण त्या सरळ आपल्या चटईवर जाऊन बसल्या. याला कोण शहाणं करत बसणार!

तोक्योत, आसाकुसाच्या देवळामागे, तिसऱ्या मजल्यावर त्याचं दुकान. परदेशी पाहुण्यांना एका तासात सगळा जपान! वीस मिनिटं भाड्याचा किमोनो, मग यंत्राने वळलेल्या गार भाताची सुशी, शेवटची सहा मिनिटं चहा. त्या सहा मिनिटांसाठी किनुएबाई. चाळीस वर्षं त्यांनी घरी चहाचा विधी शिकवला होता. शिकणाऱ्या एकेक करून गळाल्या, आणि रिकाम्या चटयांसमोर बसून बाई कंटाळल्या, म्हणून इथे आल्या. त्याबद्दल त्यांना स्वतःचीही कीवच यायची.

एकदा जेवताना, तोंडात नूडल्स असतानाच मोरोबोशी म्हणाला, "बाई, तुमचा चहा फार गप्प असतो. लोकांनी चहाचा वाडगा तीनदा कपाळाला लावायचा आणि एकदम 'एई!' ओरडायचं. सामुराई लढाईला निघताना असंच करायचे."

"कुठल्या लढाईला?"

"कुठल्याही. पाहुणे कुठे विचारतात!"

पाहुण्यांनी खरंच विचारलं नाही. महिनाभर ते ओरडले आणि बाई मान खाली घालून हिरवी चहापूड पाण्यात घुसळत राहिल्या. परदेशी बिचारे, त्यांना काय कळणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

मग एका गुरुवारी तोक्योतल्याच एका कंपनीची बावीस नवी पोरं आली. आपली संस्कृती अनुभवायला! सोबत कुजिराई नावाच्या साहेबीणबाई. चहा आधी की मिठाई आधी, हे एकालाही ठाऊक नव्हतं. पण ओरडली मात्र जोरात.

चिगुसा नावाच्या एका मुलीने विचारलं, "बाई, ही प्रथा कधीपासूनची?"

"गेल्या महिन्यापासूनची," किनुएबाई म्हणाल्या. "या गृहस्थांनी काढली. नूडल्स खाता खाता."

मोरोबोशी खोटंखोटं हसला. "बाई थट्टेखोर आहेत हो आमच्या!"

"थट्टा नाही. शुद्ध थाप आहे ती."

कुजिराईबाईंनी अदबीने मान लववली. "असेल हो. पण आमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलंय ना! परत एकदा करू या का? मघाशी फोटो हलला."

बावीस वाडगे पुन्हा कपाळाला लागले. "एई!"

बाईंनी मोरोबोशीकडे पाहिलंही नाही. त्याच्यासारखे बाजारात पुष्कळ असतात. त्यांना शिसारी आली ती या गुळगुळीत चेहऱ्यांची. खोटं आहे हे कानांनी ऐकून पुन्हा ओरडणाऱ्यांची. त्यांनी आपली बांबूची घुसळणी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि जिना उतरल्या. त्या तिकडे पुन्हा गेल्या नाहीत. त्यांच्या जागी मोरोबोशीने नाटकातली एक पोरगी आणली. ती म्हणे स्वतःही ओरडते, आणि धंदा झकास चाललाय.

पुढल्या शनिवारी चिगुसा पत्ता काढत बाईंच्या घरी आली. "खरा विधी शिकवाल?"

"ओरडलीस ना दुसऱ्यांदा?"

मुलीची मान खाली गेली. "ओरडले."

बाईंनी तिला आत घेतलं, पण चहाच्या डब्याला हात लावू दिला नाही. तासभर नुसती चहाची भांडी पुसायच्या रेशमी फडक्याची घडी घालायला लावली. उठताना मुलीच्या पायांना मुंग्या आल्या आणि ती चटईवर आडवी झाली.

"पुढच्या शनिवारी येऊ का?" तिने पडल्या पडल्याच विचारलं.

"ये," बाई म्हणाल्या.

त्यांना ती फारशी हुशार वाटली नव्हती. पण पडतानाही तिने हातातली घडी विस्कटू दिली नव्हती.