दुसऱ्या शनिवारची सभा

घरातला मोबाईल फ्रिजवर असे. फ्रिजवर विणलेलं कापड, कापडावर मोबाईल आणि मोबाईलवर पुन्हा एक रुमाल. नूतनचे सासरे, धुडकूअण्णा, त्याला ‘शायाना मोबाईल’ म्हणत. नात दिपाली हायस्कुलात गेली तेव्हा शाळेने सांगितलं, पालकांच्या गटासाठी एक नंबर द्या, म्हणून तो घेतलेला. नूतनचा नवरा धर्मेंद्र स्वतःचा फोन खिशात घालून केळीच्या बागेत जाई. शाळेच्या मोबाईलशी त्याचा संबंध रिचार्जपुरता.

संध्याकाळचा चहा झाला की अण्णा खाटेवरून म्हणत, “वाच वं.”

मग नूतनने हात पदराला पुसायचे, रुमाल काढायचा आणि उभ्याने वाचायचं. सासू तापीबाई सुपातली डाळ निवडता निवडता ऐके. तिला अक्षर येत नव्हतं. अण्णा चौथी शिकलेले, पण चष्मा लावायचा नाही ही त्यांची ऐट, त्यामुळे मोबाईलमधलं त्यांनाही दिसत नव्हतं. ‘उद्या पूर्ण गणवेशात यावे. मुलींनी दोन वेण्या, काळी रिबीन.’ ‘शाळेत एक स्टीलचा डबा सापडला आहे, ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून न्यावा.’ ‘आधार कार्डाची प्रत दोन दिवसांत जमा करावी, ही शेवटची सूचना समजावी.’ शेवटची सूचना महिन्यातून चारदा यायची. अण्णा प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे मान हलवत. लिहिलेल्या गोष्टीबद्दल त्यांना भारी आदर. माणसाने तोंडाने सांगितलेलं ते कधीच ऐकत नसत.

हे नूतनच्या लक्षात यायला लग्नानंतर पंधरा वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या घरी, पुरुषोत्तमनगरला, पुतणीचं लग्न होतं. त्या लग्नात अण्णांना पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं. त्यात भर म्हणजे मानाचे टोपी-टॉवेल वाटताना एक टोपी कमी पडली, आणि ती नेमकी अण्णांची. भाऊ धीरज दुसऱ्या दिवशी टोपी घेऊन घरी आला. अण्णांनी ती त्याच्यासमोर म्हशीच्या खुंट्याला अडकवली आणि म्हणाले, “आते त्या घरना उंबरा नही.” धीरजही काही कमी नव्हता. त्याने निघताना म्हटलं, “मंग आमना घरना बी नही.” दोन पुरुषांनी मिळून एक मिनिटात नूतनचं माहेर मिटवून टाकलं. पुढचा पावसाळा लागेपर्यंत खुंट्यावरची टोपी भिजून काळी पडली. तिला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती.

माहेरात म्हातारी आई होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात पडदा. जवळ फोन नाही.

दिपाली नववीत गेली त्या जूनमध्ये नूतनने एका संध्याकाळी मोबाईल उघडला. समोर पाण्याच्या बाटलीबद्दलची सूचना होती. ती पाहत तिने वाचलं, “यापुढे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माता-पालक सभा होईल. मातांनी स्वतः उपस्थित राहावे. अनुपस्थितीची नोंद घेतली जाईल.”

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

“नोंद घेतीन?” अण्णा उठून बसले. “मंग जाय बरं. चुकाडू नको.”

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी ती सकाळची शहाद्याची, म्हणजे शाळेच्या गावची, बस धरायची आणि वाटेत पुरुषोत्तमनगरला उतरायची. पहिल्या खेपेचा निरोप दिपालीने तिथल्या एका मैत्रिणीकरवी पोचवला होता, पुढच्यांना निरोपाची गरज पडली नाही. स्टॉपवर माय उभीच असे, हातातल्या कापडी पिशवीत डबा. घरी जायचं नाही, धीरजला कळेल. मग दोघी स्टॉपमागच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसायच्या. कळण्याची भाकरी, भरीत, नाहीतर नुसती चटणी. बोलणं तरी काय, शेजारणीच्या गुडघ्यांचं आणि भावजयीच्या फटकळपणाचं. दीड तासाने परतीची बस. शाळेची खरी सभा असली तर नूतन आधी तिथे सही करून येई आणि मायजवळ अर्धाच तास बसे.

दिपालीला अर्थात सगळं माहीत होतं. एकदा वेणी घालून घेताना ती म्हणाली, “मम्मी, तुझी हजेरी माझ्यापेक्षा चांगली आहे.” नूतनने वेणी जरा जास्तच आवळली.

यंदा दिपाली दहावीत, आणि दिवाळीनंतर शाळेत नवे हेडसर आले. माणूस हौशी. घराघरांतून आज्या आहेत, आयांना वाचता येत नाही, आपण प्रमाण मराठीत लिहितो ते पोचत नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग ते स्वतःच्या आवाजात, अहिराणीत सूचना पाठवायला लागले. छापील परिपत्रकांचे फोटो यायचे ते येतच राहिले, पण रोजचं सगळं बोलून.

“राम राम, मायबहिनीसवं. मी तुमना हेडसर बोली ऱ्हायनू.”

तापीबाईच्या हातातलं सूप थांबलं. “आव माय! हाऊ तं आपला मानूस शे!”

दोन दिवसांत तिने दिपालीकडून शिकून घेतलं, आवाज ऐकायला कोणत्या तिकोनावर बोट ठेवायचं. चौथ्या दिवशी मोबाईल फ्रिजवरून उतरला आणि तापीबाईच्या उशाशी आला, रुमालासकट. दुपारी नूतन भांडी घासत असली की आतून हेडसरांचा आवाज यायचा, एकच सूचना पुन्हा पुन्हा. तापीबाई त्यांना उत्तरंही द्यायची. “हां भाऊ. खरं शे भाऊ.” नूतनच्या हातातली राख वाळून जायची. आज नाही उद्या, तो माणूस सभेबद्दल बोलणार होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो बोलला.

“दहावीन्या माता-पालक सभा यंदा दोनच ठेयेल व्हत्यात, त्या व्हई गयात. आते पोरेस्ले अभ्यास करू द्या. टीवी बंद ठेवा.”

नूतन चुलीवरच्या वांग्याला तेल लावत होती. आत तापीबाईने सूचना पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. मग मोबाईल गप्प झाला. नूतन वांगं फिरवत राहिली, ते एका बाजूने जळून गेलं तरी.

संध्याकाळी अण्णांच्या समोर तापीबाईने विषय काढला.

“शनवारले सभा शे ना वं तुन्ही?”

नूतनने मान हलवली. दुसरं काय करणार?

“मी बी येस.”

“तू काय करशी तठे?” अण्णा हसले.

“नातनी शाया देखसू. दहा वरीस व्हयनात पोर शिकी ऱ्हायनी, माले गेट बी माहीत नही.”

“आत्या, बसले गर्दी ऱ्हास,” नूतन म्हणाली.

“मंग मी काय गठुडं शे का? उभी ऱ्हासू.”

“सभा फक्त मायस्नी शे.”

“मी कोनी शे मंग? मी तिन्हा बापनी माय शे.”

अण्णांना हे फार आवडलं. “लई जाय तिले,” ते म्हणाले, आणि अण्णा म्हणाले म्हणजे संपलं.

नूतनने तीन रात्री विचार केला. ताप आला म्हणावं, तर तापीबाई एकटी जाईल. सभा रद्द झाली म्हणावं, तर ‘ऐकव’ म्हणेल, तिकोन कुठाय ते आता तिला माहीत. मायला निरोप द्यावा, तर दिपालीची ती मैत्रीण शाळा सोडून गेलेली, आणि धीरजच्या फोनशिवाय वाट नाही. आणि माय तर येणार होती. माय दर वेळी बसच्या आधी अर्धा तास येऊन उभी राहायची.

शनिवारी तापीबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. बसमध्ये खिडकीची जागा तिनेच धरली. कंडक्टर दर महिन्याचा. नूतनला बघून त्याने सवयीने विचारलं, “पुरुषोत्तमनगर ना, ताई?”

“शहादा,” नूतन म्हणाली. “दोन.”

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या लुगड्याकडे, आणि तिकिटं काढली. तापीबाई बाहेरच्या उसाकडे बघत होती.

पुरुषोत्तमनगरला बस थांबली. माय दाराच्या अगदी समोर होती, जाड काळा चष्मा, हातात पिशवी. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती बघत होती. चौघं उतरली. तिने दारात डोकं घातलं. “मन्ही पोर शे का, भाऊ?”

नूतनच्या आणि दाराच्या मध्ये सहा बाकं होती. तिने पुढच्या बाकाची दांडी धरली.  शेजारी तापीबाई आता उसाकडे नाही, दाराकडे बघत होती. कंडक्टरने घंटी ओढायला जरा उशीर केला. मग म्हणाला, “पुढल्या बसला बघा, आजी,” आणि ओढली.

शाळेच्या गेटवर शिपाई स्टुलावर बसला होता. “सभा? आज कोणती सभा?”

नूतनला वाटलं, आता तापीबाई बोलेल, इथे, रस्त्यावर. पण तिने शिपायाला फक्त विचारलं, पाणी कुठे मिळेल. नळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायली. व्हरांड्यातून चालत एकेका वर्गात डोकावली. दिपालीच्या वर्गाच्या खिडकीशी ती थांबली तेव्हा आत दिपालीने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तापीबाईने तिला हात केला. मग म्हणाली, “चाल. शाया मोठी शे.”

बस स्टँडवर तिने कमरेच्या पिशवीतून पैसे काढून दोन प्लेट भजी घेतली. बाकावर बसून बराच वेळ नुसती मिरची चघळत राहिली.

“मन्ही माय गई ना,” तापीबाई भज्याकडे बघत म्हणाली, “तवय माले रनायाहून सांगाले कोनी उनं नही. तिसरा दिन समजनं. तुन्हा सासरानं नि मन्हा भाऊनं भांडन व्हतं. बैलजोडीवरीन.”

 या घरात आल्यापासून सासूच्या माहेराचं, रनाळ्याचं, नाव तिने सासूच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला वाटलं होतं, तिथे कोणी उरलंच नसेल.

“आत्या, मी...”

“खाय. थंडं व्हई जाई.”

परतीच्या बसलाही तापीबाई खिडकीशीच बसली. पुरुषोत्तमनगरला माय ओट्यावर होती. बसचा आवाज ऐकून उठली, पिशवी चाचपली आणि पुन्हा दाराकडे निघाली. तापीबाईने काच सरकवली, गजांना तोंड लावलं आणि ओरडली, “याहीन! आथी या, आथी! खिडकीकडे!”

माय आवाजाच्या दिशेने वळली. विहिणीचा आवाज आहे हे तिला कळलं असावं, कारण ती मध्येच थबकली. मग आली.

“आज सभा नही शे,” तापीबाई म्हणाली. “घर जा. ऊन लागी.”

“नूतन बरी शे ना?”

“हाई काय बठेल शे.”

नूतन तापीबाईच्या अंगावरून वाकली. गजांतून मनगटापर्यंतच हात जात होता. मायने तिची बोटं धरली, एक एक करून दाबली. बोरं मोजावीत तशी. “बोटं कितली खरबरीत व्हयनीत,” ती म्हणाली. मग तिला डब्याची आठवण झाली. पिशवी गजांतून जाईना, म्हणून तापीबाईने डबा आडवा करून नुसता डबा आत ओढून घेतला. घंटी वाजली. माय रिकामी पिशवी हातात घेऊन मागे सरकली, चुकीच्या खिडकीकडे बघत.

पुढे घरापर्यंत डबा तापीबाईच्या मांडीवर होता.

अण्णा खाटेवर वाटच बघत होते. “काय म्हनेत सभामा?”

 तापीबाई चपला काढत म्हणाली, “पोर गनितमा कच्ची शे म्हने.”

“आन हाऊ डबा कोना?”

“शायामा पडेल व्हता. दिपालीना समजीसन उचली लयनूत. तिना नही शे.”

ती मोरीत गेली, पाय धुतले, आणि बाहेर येऊन मोबाईल नूतनच्या पुढे धरला. “वाच बरं. डबानं काही लिखेल शे का?”

नूतनने मोबाईल घेतला. गटावर एक परिपत्रक आलं होतं, शिक्का आणि सहीसकट, छापील. ते तिने मनात वाचलं. ‘इयत्ता दहावीचे नियमित वर्ग ३१ डिसेंबरपासून बंद होत असून विद्यार्थ्यांनी घरी अभ्यास करावा. हॉल तिकीट थेट विद्यार्थ्यास देण्यात येईल. पालकांनी शाळेत येण्याची आवश्यकता नाही. हा गट त्याच दिवशी बंद करण्यात येईल.’

तापीबाई समोर उभी होती. डोळे मोबाईलवर नव्हते, नूतनवर होते.

“काय शे?” अण्णा म्हणाले.

“शाळेतून चुकून नेलेला डबा,” नूतन सावकाश वाचायला लागली, “पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभेच्या वेळी स्वतः आणून द्यावा.”

“आजीनं काही?” तापीबाईने विचारलं.

“आजींनीही यावे.”

“मंग दी या,” अण्णा म्हणाले. “पराई वस्तू घरमा नको.”

तापीबाईने डबा उघडला. भरीत उन्हाने आंबलं होतं, भाकरी वाकडी झाली होती. तिने एक तुकडा मोडून खाल्ला, बाकीचं म्हशीला घातलं, डबा स्वतः घासला आणि फ्रिजवर, विणलेल्या कापडावर पालथा ठेवला.

“रिकामा नही देवाना,” ती हलक्या आवाजात नूतनला म्हणाली. “तिळना लाडू करजो. संक्रांतनं ऱ्हाई.” मग जरा थांबून, “आखो काही लिखेल शे का वं?”

गट बंद झाल्यावर हेडसरांचा आवाज येणार नाही, आणि आवाज येईना म्हटल्यावर अण्णा विचारतील. तोवर तीन आठवडे होते, आणि जानेवारीचा एक शनिवार, तोही मिळाला तर.

“नाही,” नूतन म्हणाली, आणि मोबाईल रुमालाने झाकून सासूच्या उशाशी ठेवला.