चाळीने आवाज न केलेली होळी

डॉ. मंदाकिनी घाडी यांचं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, मुलुंड पूर्वेला राहत्या घरी निधन झालं. वय सत्तावन्न. स्वादुपिंडाचा कर्करोग दिवाळीच्या सुमारास कळला होता. धाकटा भाऊ विनायक त्या वेळी शेजारी होता. दवाखाना बंद असल्याचा कागद त्याने शटरवर लावला. तो वाचूनही संध्याकाळी दोन-तीन पेशंट पायरीवर बसून होते, असं समोरच्या केमिस्टने सांगितलं.

मुलुंडमध्ये डॉक्टरांना ओळखणारे पुष्कळ आहेत. त्याआधीची, घाटकोपरची मंदा ओळखणारे आता थोडे उरलेत. मी तिच्याच वयाचा, भिंतीपलीकडच्या खोलीत वाढलेला. इथे लिहितो आहे ते बहुतेक तिच्या शाळा-कॉलेजच्या वर्षांबद्दल, कारण त्याबद्दल ती स्वतः फारसं बोलत नसे आणि ते आता दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावर आमची बैठी चाळ होती. अर्धी बिऱ्हाडं सिंधुदुर्गातली, त्यातही एकाच तालुक्यातली. मंदाचे वडील, घाडीकाका, मिलमध्ये विणखात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मंदा नववीत असताना तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. का ठरवलं, याची गोष्ट तिने कधी सांगितली नाही, आणि विचारलं तर "असंच" म्हणायची. कसं व्हायचं हे मात्र तिने पद्धतशीर शोधून काढलं. चाळीत विचारण्यासारखं कोणी नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी ती खालच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात गेली आणि पेशंटांच्या रांगेत बसली. मी खोकल्याचं औषध घ्यायला तिथेच होतो, त्यामुळे पुढचं ऐकलेलं आहे. दरवाजाला पडदाच होता.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. डॉक्टर कसं व्हायचं ते विचारायचंय."

"मग नंबर कशाला लावलास?"

"बाहेर सगळ्यांनी लावलाय."

डॉक्टर हसले, पण त्यांनी तिला उडवून लावलं नाही. दहावीला चांगले मार्क, मग अकरावी सायन्स. गणित सोडून दे, त्यात वेळ घालवू नकोस. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर सगळं ठरतं, बाकीचे विषय नुसते पास हो. आणि शेवटी ते म्हणाले, बारावी मुंबईतच कर. इथल्या कॉलेजांतल्या जागा आधी इथे शिकलेल्यांना मिळतात. बाहेर आली तेव्हा मंदा पुटपुटत ते सगळं पाठ करत होती. "फी घेतली का?" मी विचारलं. "नाही. पण सांगितलं, पुढच्या वेळी निदान सर्दी तरी घेऊन ये."

त्याच हिवाळ्यात गिरणी संप सुरू झाला. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. आमच्या चाळीपुरतं सांगायचं तर पावसाळ्यापर्यंत चार बिऱ्हाडं गावाला गेली. चौथं घाड्यांचं. गावात थोडी भातजमीन होती, काकींचे हातपाय धड होते, विनायक तेव्हा सहा-सात वर्षांचा. सामान बांधून झालं तेव्हा मंदाने वडिलांना डॉक्टरांचं शेवटचं वाक्य सांगितलं. घाडीकाका उंबऱ्यावर बसून बराच वेळ विडी ओढत होते. मग म्हणाले, "माका काय त्यातला कळना नाय. पण डॉक्टर सांगता तर तसाच आसतला. आमी जातव. तू हंयच रव." काकी आत रडत होत्या. त्यांनी माझ्या आईचा हात धरला आणि मंदाला तिच्या पदरात घातलं, असं आई पुढे सांगायची. प्रत्यक्षात मंदा आमच्याकडे राहायला आली नाही. आईने खूप आग्रह केला. मंदा म्हणाली, "काकू, तुमच्याकडे पाच माणसं आहेत. माझं पाठांतर मोठ्याने असतं."

अशा रीतीने दहावीपासून बारावीपर्यंत ती त्या खोलीत एकटी राहिली. राहायला लागली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. चाळीत यावर व्हायची ती चर्चा झाली. वयात आलेली पोरगी एकटी ठेवून आई-बाप जातात कसे, हे नळावर उघड बोललं जाई, तिच्या देखतही. ती हंडा भरून निघून यायची. दिवेलागणीनंतर ती आतून कडी घाले आणि आई आमच्या बाजूने भिंतीवर लाटणं ठोके. मंदा पलीकडून दोनदा ठोके. म्हणजे ठीक आहे. भिंत पत्र्याची आणि फळ्यांची होती, आवाज नीट ऐकू येई, बोललं असतं तरी चाललं असतं. पण पद्धत ठोकण्याची पडली.

शाळा मराठी होती आणि अकरावी सायन्स इंग्रजीतून असणार होतं. हे तिला दहावीतच कळलं. तिने कुठून तरी इंग्रजी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं मिळवली आणि एकाच धड्याची दोन्ही पुस्तकं समोर ठेवून वाचायला लागली. आधी मराठीतून मोठ्याने, मग तेच इंग्रजीतून. प्रकाशसंश्लेषण, आणि लगेच फोटोसिंथेसिस. उच्चार सांगणारं कोणी नसल्याने काही शब्द ती स्वतःच ठरवलेल्या पद्धतीने म्हणे, आणि कॉलेजात गेल्यावर त्यातले काही पुन्हा शिकावे लागले. पलीकडून दोन आवाजांत चाललेलं बोलणं ऐकून माझी आजी पहिल्यांदा घाबरली. "कोण आलंय गं तिच्याकडे?" आई म्हणाली, "कोणी नाही. तीच आहे. दोन्हीकडून तीच बोलते."

दहावीला तिला हवे तेवढे मार्क पडले. कॉलेज दादरच्या बाजूला मिळालं. मी आर्ट्सला गेलो. चाळीने तिला तोवर नाव देऊन टाकलं होतं. "डॉक्टरीणबाई, आमचा गुडघा बघा जरा," असं कोपऱ्यावरच्या पेडणेकर मावशी रोज म्हणायच्या. मंदा उत्तर द्यायची, "फी आत्ताच भरा मावशी, सहा वर्षांनी बघते." हसणं व्हायचं. पण हळूहळू तिच्याकडे जाणं-येणं कमी झालं, आणि ते चांगल्या हेतूने झालं. अभ्यास करते, त्रास नको. हळदीकुंकवाला बोलावणं नको, तिचा वेळ जातो. मुलांनी तिच्या दारापुढे खेळायचं नाही. गणपतीत तिच्या खोलीच्या बाजूचा भोंगा काढून टाकला. एकदा चढाच्या पायऱ्यांवर मी विचारलं, एकटीला कसं वाटतं. ती म्हणाली, "काही नाही रे. भांडायला कोणी नसतं ना, तेच बोअर होतं यार. विनू असता तर निदान पुस्तक फाडलं म्हणून बडवला असता." मग, "रविवारी दुपारी जरा जास्त शांत असतं..." एवढंच. मे महिन्याच्या सुट्टीत ती गावी जायची आणि कॉलेज उघडायच्या आधी परत यायची. अकरावीनंतरच्या सुट्टीत मात्र गेली नाही. बारावीचं बायोलॉजी आधी एकदा वाचून काढायचं होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आम्हा दोघांची बारावीची परीक्षा होती. फिजिक्सचे पेपर झाले त्या संध्याकाळी गावाकडचा एक माणूस एसटीने मुंबईत आला आणि मंदाच्या दाराकडे न जाता आमच्या घरी आला. मी त्या वेळी मित्राकडे अभ्यासाला गेलो होतो. त्याने आईला सांगितलं की घाडीकाकी गेल्या. कावीळ झाली होती, झाडपाल्याचं औषध चालू होतं, शेवटी तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. घाडीकाकांचा निरोप होता की पेपर संपेपर्यंत पोरीला कळता कामा नये. काकी आजारी असल्याचंही मंदाला कळवलेलं नव्हतं.

आईने निरोप पाळला. मलाही परीक्षा होती, म्हणून मलाही सांगितलं नाही. बाकी चाळीला रात्रीपर्यंत समजलं होतं.

होळी पेपरांच्या मधेच आली. आमच्याकडे होळी म्हणजे ढोल, फाका म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, आणि बोंबा. डोंगराखालच्या चाळींशी आवाजाची चढाओढ असे. त्या संध्याकाळी होळी पेटली, नारळ टाकला गेला, आणि कोणी तोंडाशी हात नेला नाही. एकाच तालुक्यातली माणसं, काकींना सगळे ओळखत. बोंब मारणं कोणाला जमेना. मंदा दारात आली. इतकं शांत का, असं तिने विचारलं तेव्हा पेडणेकर मावशी म्हणाल्या, "तुझा पेपर आहे ना बाय. म्हणून." मी तिच्या शेजारीच उभा होतो. मलाही ते खरं वाटलं. ती आगीकडे बघत म्हणाली, "माझ्यासाठी एवढं करतात रे सगळे." मग आत जाऊन तिने थोडा नैवेद्य केला आणि सगळ्या घरांत नेऊन दिला. सुतकातला असूनही प्रत्येक घराने तो घेतला.

बायोलॉजीच्या शेवटच्या पेपराच्या दिवशी ती दुपारी परतली. दारापुढे बायका बसल्या होत्या, माझी आई मधे, मी आमच्या दारात. मंदा चढावरूनच ओरडली, "सुटले! झकास गेला काकू!" आईने तिला आधी पाणी दिलं. मग सांगितलं.

"कधी?" मंदाने विचारलं.

आईने दिवस सांगितला.

"म्हणजे होळीच्या आधी."

ती एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. माझ्याकडे आली तेव्हा मी मान हलवली, मला माहीत नव्हतं एवढंच सांगायला. ती आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. आई तिच्याबरोबर संध्याकाळच्या एसटीने गेली. त्या गावी पोचल्या तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. घाडीकाका अंगणात होते. त्यांनी डोक्याचं मुंडण केलं होतं. मुलीला बघून ते एकच वाक्य बोलले, असं आईने परत आल्यावर सांगितलं. "तुजा वर्स वाचवलंय गो."

वर्ष वाचलं होतं. निकाल लागला तेव्हा तीन विषयांचे मार्क पुरेसे होते आणि मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला जागा मिळाली. चाळीने पेढे वाटले, ते मंदाच्या हातून नव्हे, पेडणेकर मावशींच्या. होस्टेलवर गेली तेव्हा खोली सोडली. पुढे विनायकला शिकायला मुंबईत आणलं, मुलुंडला दवाखाना काढला, लग्न केलं नाही. घाडीकाका शेवटपर्यंत गावी राहिले आणि दर दोन महिन्यांनी ती त्यांना भेटायला जात होती. एका गोष्टीमुळे दुसरी झाली, असं मी लिहिणार नाही. तसा आधार माझ्याकडे नाही.

त्या होळीबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली, खूप वर्षांनी, दवाखाना बंद करताना. मी कोणाला तरी तिच्याकडे दाखवायला घेऊन आलो होतो आणि नातेवाईकांनी पेशंटला आजार सांगू नका अशी गळ घातली होती. मंदाने त्यांना बाहेर बसवून पेशंटला सगळं सांगितलं. नातेवाईक भडकले. ते गेल्यावर ती हात धूत म्हणाली, "माझे पेपर छान गेले होते रे. तेच तर. आई गेलेली, आणि मी केमिस्ट्रीत खूश." मग टॉवेल घेतला. "कळलं असतं तर गेले असते की बसले असते, काय माहीत. बसलेही असते कदाचित. पण ते माझं मी बघितलं असतं ना..." तिने दिवा घालवला. बाबांवर रागावली होतीस का, असं मी विचारलं. "बाबांवर कसं रागावणार? त्यांच्याकडे द्यायला तेवढंच होतं."

दिवाळीनंतर तिने आपला आजार स्वतः फोन करून सर्वांना सांगितला. मला सांगताना रिपोर्ट वाचावा तसा सांगितला आणि साधारण किती महिने, तेही सांगितलं. विनायकची मुलगी ईश्वरी यंदा बारावीला, कॉमर्सला. विनायकला वाटत होतं की तिला परीक्षेपर्यंत काही कळू नये. जानेवारीत मी भेटायला गेलो तेव्हा हा विषय माझ्यासमोर निघाला.

"ताई, बारावी आहे गं तिची," विनायक म्हणाला.

"म्हणूनच. आज संध्याकाळी तिला घेऊन ये, मी सांगते."

"आणि मधेच काही झालं तर?"

"तर फोन कर तिला. पेपर असला तरी कर."

"वर्ष जाईल तिचं."

"जाऊ दे. नाहीतर नको जाऊ दे. तिचं आहे." मंदाला बोलताना धाप लागत होती. "विनू, तू हो म्हण. मला हो ऐकायचंय."

विनायक हो म्हणाला.

त्या गुरुवारी सकाळी ईश्वरीचा अकाउंट्सचा पेपर होता. ती रिक्षातून केंद्राकडे निघाली होती. विनायकने मला सांगितलं की फोन हातात घेऊन तो काही वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला, पाण्याचा ग्लास भरला, तो न पिता ठेवला, आणि मग नंबर लावला. ईश्वरीने विचारलं, "आत्ता?" तो म्हणाला, "आत्ताच." रिक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथून वळली. ईश्वरी मुलुंडला आली तेव्हा अजून नातेवाईक जमले नव्हते. आत्याच्या शेजारी ती जवळजवळ तासभर एकटी बसली.

तो पेपर तिने दिला नाही. बाकीचे दिले.