मिराबाईच्या कडवळाजवळ थांबणारा ताशा

आखाडा बाळापुराच्या आसपास खाजा मियाचा ताशा नसलेल्या वरातीला लोक वरात म्हणायलाच तयार नसतात. माणूस उंचीनं बेताचा, दाढी मेंदीनं लाल, आणि एरवी इतका मवाळ की जैनबबीसमोर, म्हणजे बायकोसमोर, त्याच्या तोंडून "बराबर" या शब्दापलीकडे काही निघत नाही. पण गळ्यात ताशा अडकवला की गडी बदलतो. वरात मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी, नवरीकडच्या बाया ओवाळणीचं ताट धरून अवघडलेल्या, नवरदेवाचा बाप हात जोडतोय, तरी हा आपला डोळे मिटून वाजवतोय. सुरू केलेला ठेका पुरा झाल्याशिवाय काड्या खाली यायच्या नाहीत, असा त्याचा बाणा.

अशा माणसाचा ताशा गेली काही वर्षं एका ठिकाणी मात्र आपण होऊन थांबायचा. डोंगरकडा गावाकडे जाताना तांड्याच्या अलीकडे रस्ता वळतो. वळणाला लागून मिराबाईचं वावर आहे. वरात तिथं आली की खाजा मिया काड्या वर उचलायचा, मागं जळबाचा ढोल गप व्हायचा, आणि पुढच्या बाभळीपर्यंत सगळे मुकाट चालायचे. नाचणारी पोरं चिडायची. "चाचा, डिझेल संपलं का?" म्हणून ओरडायची. खाजा मिया नुसता हसायचा. तो सांगणार नाही, म्हणून आपणच सांगू.

लॉकडाऊनचं पहिलं वर्ष होतं ते. ऐन लग्नसराईत सगळं बंद झालं आणि ताशा खुंटीला लागला. त्याच्या वाजंत्री पार्टीतल्या माणसांची घरं वाजवण्यावर चालणारी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खाजा मियाला आईच्या वाट्याचा जमिनीचा एक तुकडा मिळाला होता, मिराबाईच्या बांधाला बांध लागून. आजवर त्या तुकड्यात त्यानं फक्त झाडाखालची झोप काढली होती. जैनबबीनं त्याला उठवलं. दोघांनी भेंडी, गवार, चवळी लावली. पाणी मिराबाईच्या विहिरीचं. "पाणी काय मी वरून आणते का? घे," एवढंच ती म्हणाली होती. मे महिन्यात त्या भाजीवर पार्टीतल्या सगळ्या घरांच्या चुली पेटायला लागल्या. जळबा तर म्हणायचा, "उस्ताद, तुमी वाजवता चांगलं, पण गवार त्याच्यापेक्षा चांगली आणता." खाजा मियाला ही तारीफ झोंबायची आणि आवडायचीही.

ईद घरातल्या घरात झाली. नंतर दोन-तीन दिवसांनी, दुपार कलायच्या वेळी, उत्तरेकडून आभाळ मातकट झालं. खाजा मियाला वाटलं वावटळ असेल. मग अंगावर एक टोळ आदळला, बोटाएवढा, पिवळट-गुलाबी. मग दुसरा. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. चवळीवर ते बसले आणि पाचोळा पेटावा तसा चर्र आवाज व्हायला लागला. तो आवाज खाण्याचा होता.

"अजी देखते क्या! ताशा लाओ!" जैनबबी ओरडली, आणि स्वतः पातेलं बडवत वेलांमध्ये घुसली.

खाजा मियानं मोटारसायकल काढली आणि घरून ताशा आणला. येताना जळबाही ढोल घेऊन मागं बसला. एरवी वाजवण्याआधी ताशा शेकून ताणावा लागतो. त्या दिवशीच्या उन्हानं तो आधीच तापलेला. काड्या पडल्या आणि टोळ उठले. सगळी चादर उचलून बांधापलीकडे गेली. खाजा मियाचा जीव भांड्यात पडला.

बांधापलीकडे मिराबाईचं कडवळ होतं. चाऱ्यासाठी पेरलेली हिरवीगार ज्वारी, कमरेएवढी. पावसाळा लागेपर्यंत तिच्या दोन म्हशींचा आधार. टोळ तिथं उतरले तसा मिराबाईचा पोरगा रूपसिंग तांड्यातून नगारा घेऊन धावला. बंजाऱ्यांचा नगारा वाजला की जमीन हादरते. टोळ पुन्हा उठले आणि परत खाजा मियाच्या भेंडीत. यानं ताशा वाजवला, तिकडे गेले. त्यानं नगारा वाजवला, इकडे आले. दोन जाणती माणसं संकटाला एकमेकांच्या दारात लोटत होती, आणि दोघांनाही वाटत होतं आपण मोठा पराक्रम करून राहिलो. टोळ मात्र दर फेरीला दोन्हीकडं थोडं थोडं जेवून उठत होते.

मिराबाई बांधावर काठी टेकून उभी होती. सत्तरीला टेकलेली, घेरदार घागरा, हातभर बलोया म्हणजे पांढऱ्या बांगड्या, आवाज खणखणीत. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. खाजा मियाही याडीच म्हणायचा.

"थांबा दोघंबी!" ती गरजली. "येड लागलं का? टोळ काय चेंडू हाय?"

तेवढ्यात कृषी सहायक सुनिता मॅडम स्कूटीवरून आल्या. तोंडाला रुमाल, घामाघूम, सकाळपासून गावोगाव फिरून घसा बसलेला. त्या म्हणाल्या, "आवाजानं टोळ नुसता पुढच्या वावरात जातो. दिवस बुडायला तो एका जागी बसतो आणि ऊन तापेपर्यंत त्याला नीट उडता येत नाही. तेव्हाच मारायचा. पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर आणते मी. पण सगळे एका वावरात बसले पाहिजेत आणि बसल्यावर टाचणीचाही आवाज नको."

"बराबर बोलली पोरगी," मिराबाई म्हणाली. "मी लेकरू व्हते तवा असाच टोळ आला व्हता. डबे बडवले, कडुलिंबाचा धूर केला, काई झालं न्हाई. मंग माझ्या बापानं वावर देल्लं. सांजेला बसू देल्ला, पहाटं समदी माणसं काटेरी झाडण्या घिऊन उतरली. चर खंदला, झोडून झोडून त्याच्यात लोटला अन् माती टाकली. पाय न पडलेली जागा ठिवली न्हाई."

"आणि तुमच्या वडिलांचं पीक?" सुनिता मॅडमनी विचारलं.

"गेलं की. मंग गावानं वर्षभर आमाला जवारी घातली. ती खाऊनच वाढले मी."

आता प्रश्न उघडा पडला होता: या वेळी वावर कोणाचं? खाजा मिया खाली बघायला लागला. भेंडीत पार्टीतल्या सगळ्या घरांचा घास होता. द्यावं म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, आणि न द्यावं तर विहिरीचं पाणी आठवत होतं.

मिराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या भाजीला टोळ लागला तर बुडापास्नं जाईल. कडवळ कापलं की फुटतंय. माझ्या वावरात घाला."

"याडी, अन् म्हशी?"

"म्हशीचं मी बघीन. तू तीन बाजूनं वाजवत आण त्याईला, चौथी बाजू माझ्या वावराकडची, ती मोकळी ठेव."

रूपसिंगला हे पटलं नव्हतं. त्याचा चेहराच सांगत होता. पण आईपुढं बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. तो नगारा घेऊन ओढ्याच्या बाजूला गेला, जळबा ढोल घेऊन रस्त्याच्या बाजूला, जैनबबी पातेलं घेऊन मधे. खाजा मियाची बाजू भेंडीची. सगळ्यांनी सुरुवात केली. त्याचाच ताशा वाजेना. काड्या हातात होत्या, पण ज्या बाईनं पाणी दिलं तिच्या उभ्या पिकात आपल्या हातानं टोळ घालायचे कसे?

"खाजा!" मिराबाई कडवळाच्या पलीकडून ओरडली. "उभा काहून राहिला? वाजव म्हणलं न मी! वाजव!"

त्यानं वाजवला. आयुष्यात इतका जीव तोडून वाजवला नसेल. टोळ उठले, घोंघावले, गोल फिरले आणि हळूहळू मोकळ्या बाजूनं कडवळावर उतरायला लागले. सूर्य बाभळीच्या खाली गेला तेव्हा हिरवं कडवळ पार तपकिरी झालं होतं. मिराबाईनं हात वर केला. खाजा मियाचा ठेका अर्ध्यावर होता. त्यानं तो अर्ध्यावरच सोडला, आणि काड्या खाली आल्या. त्यानंतरची शांतता त्याला सोसवेना. त्या शांततेत फक्त खाण्याचा आवाज होता, आणि ते खाणं खरं तर त्याच्या भेंडीच्या वाट्याचं होतं.

पहाटे ट्रॅक्टर आला. फवारणी झाली. मेलेले टोळ झाडून चरात लोटले, विषारी झालेलं कडवळ कापून त्याच चरात गाडलं. भेंडी, गवार वाचली, चवळी अर्धी वाचली. त्यानंतर पाऊस पडून कडवळ पुन्हा फुटेपर्यंत खाजा मिया आणि जळबा, कधी केळीची पानं, कधी ओढ्याकाठचं गवत, रोज मिराबाईच्या गोठ्यात भारा टाकत होते. आभार मात्र मानले नाहीत. आपल्याकडं असल्या गोष्टीचे आभार मानायची पद्धत नाही. मानले तर समोरचा रागावतो. पण छातीत भरून राहिलेलं कुठंतरी जायला पाहिजे. लग्नं सुरू झाली आणि पहिलीच वरात त्या वळणावर आली तेव्हा खाजा मियाचे हात आपोआप थांबले. तेव्हापासून ते तिथं थांबतच राहिले.

या वर्षी मिराबाईच्या नातीचं लग्न निघालं. नवरदेवाची वरात वारंगा फाट्याकडून आली, ताशा अर्थातच खाजा मियाचा. वळण आलं. काड्या वर गेल्या. ढोल गप.

आता वाजंत्री कुठं थांबते हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या घरात नुकतं कोणी गेलेलं असतं, त्या घरासमोर. मांडवातून ताशाची वाट बघत बसलेली मिराबाई ती शांतता ऐकून काठी टेकत थेट वळणापर्यंत आली.

"कोन मेलं रे?"

"कोणी न्हाई याडी." खाजा मिया गडबडला. "तुमचं वावर हाय न हे."

"मंग?"

"त्या दिसापासून इथं वाजवत न्हाई मी. याच ताशानं टोळ घातले तुमच्या कडवळात. तुमी आमच्या घराघरातला घास वाचवला, अन् मला एक शब्द बोलता आला न्हाई. हात उठत न्हाई इथं."

नाचणारी पोरं पहिल्यांदाच चिडली नाहीत. मिराबाईनं पदर तोंडाला लावला, आणि ती हसली की रडली ते कळलं नाही.

"अन् मी समजत व्हते, म्हातारीची झोप मोडू नये म्हून बंद करतो. आज तर मी मांडवात जागी, म्हून इचारलं." तिनं काठीनं वावराकडं दाखवलं. कडवळ डोक्याएवढं उभं होतं, वाऱ्यावर हलत होतं. "बग तिकडं. कुठं काय कमी हाय? तवाबी तू असाच उभा व्हता. मी म्हणलं तवा वाजवलं. आताबी मीच म्हणते. वाजव!"

ती वळून मांडवाकडं चालू लागली. खाजा मियानं काड्या ताशावर पाडल्या. नवरदेव घोड्यावर मागं राहिला, म्हातारी पुढं आणि तिच्या पाठोपाठ ताशा, असं ते मांडवापर्यंत गेले. खाजा मियानं त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. ओल्या डोळ्यांनी तो कडवळाकडं बघत वाजवत होता.