गल्लीतला वास

टोपवाल्या ताईंचं नाक चेहऱ्यावर बेताचंच होतं, पण रुबाबात मोठं. नाटकात घालायचे केसांचे टोप करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे गल्लीला ठाऊक होतं आणि गल्ली विसरू नये याची काळजी ताई घेत.

त्या गल्लीत एकट्या माणसाचं काहीच पुरं होत नसे. शिंप्याचा झगा रंगाऱ्याकडे जायचा, त्या रंगाला शोभेल असा बूट बूटवाला शिवायचा, मुखवटेवाला दोघांशी भांडून तिसराच रंग मागायचा. नाटक कंपनीचा माणूस सकाळी रिकाम्या हातानं शिरायचा आणि संध्याकाळी राजा, राणी, भूत नि शिपाई काखोटीला मारून निघायचा. दुसरीकडे जायची त्याला गरजच पडत नसे.

या सगळ्यांच्या मधोमध बसायचा रंगारी, ताईंचा धाकटा भाऊ. दोघांच्या दुकानांमधल्या भिंतीला वीतभर भोक होतं. ताई इकडून पांढरे केस सरकवत आणि ओरडत, "काळा नको हं, नुकता पिकायला लागलेला हवा!" थोड्या वेळानं तिकडून निथळती बट यायची, हवी तशीच. ताईंनी त्याचे कधी आभार मानले नाहीत. भावाचे कसले आभार मानायचे!

मग शहरातले कारखाने बंद पडले आणि कुणा शहाण्याला शोध लागला की आता कलाच शहराला वर काढणार. साहेबलोक आले. गल्लीला 'कलागल्ली' म्हणायचं ठरलं. नवी फरशी बसली, दिवे लागले, बाकं आली. पाहुणे येऊ लागले आणि रंगाऱ्याच्या दारापर्यंत पोचले की नाकाला रुमाल लावून माघारी फिरू लागले. उकळत्या रंगाचा आणि आंबलेल्या पाण्याचा तो वास गल्लीला जन्मापासून होता. आता तो साहेबांच्या नाकात गेला.

घरमालकानं तोंडावर सांगितलं, "पाहुणे टिकले तरच दुकानं टिकतील." नवऱ्यामागे ताईंनी एकटीनं आपलं दुकान चालवलं होतं, आणि जायचं ते इथूनच चौघांच्या खांद्यावर, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

सभा भरली. बोलायचं काय ते सगळ्यांना कळत होतं, पण सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. शेवटी ताई उठल्या.

"सख्खा भाऊ आहे, म्हणून मीच सांगते. त्या वासानं माझंसुद्धा डोकं उठतं. त्याला गावाबाहेर नदीकाठी जागा द्या. एकटा गेला तर बाकीचे जगतील."

भाऊ समोरच बसला होता, कोपरापर्यंत निळा. तो एवढंच म्हणाला, "मग भोक बुजवून घे ताई. थंडी येईल."

टाळ्या पडल्या. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते ताईंकडून शिकावं, असं शिंपी बाहेर पडता पडता म्हणाला. टाळ्या त्यानंही वाजवल्या होत्या.

रंगाऱ्याच्या जागी कॉफीचं दुकान आलं. गल्लीला छान वास यायला लागला आणि तिथेच सगळ्यांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. केस रंगवायला ताईंना आता दोन बस बदलून जावं लागे. रंग चुकला की पुन्हा तीच वारी. नाटकवाले म्हणाले, रंगासाठी एवढी पायपीट करायची तर थेट नदीवरच जाऊ. आधी शिंपी गेला, "तात्पुरता" म्हणून. मग बूटवाला गेला, मग मुखवटेवाला रात्रीत सामान हलवून गेला. ताई मात्र राहिल्या. दुकानासाठीच तर सगळं केलं होतं.

गिऱ्हाईक आटलं तेव्हा घरमालक फारच गोड झाला. "भाडं राहू दे ताई. तुम्ही फक्त काचेमागे बसून टोप विणा. पाहुण्यांना आवडतं." ताई बसल्या. दिवसभर जाळीत एकेक केस ओवायचा आणि संध्याकाळी सगळा टोप उसवायचा, कारण बघणाऱ्यांसाठी नवे केस कोण देणार? वर पाटी होती, 'जिवंत कला'.

एके दिवशी त्या नदीकाठी गेल्या. चिखल, पत्र्याच्या खोल्या, आणि तोच वास. माणसांची ही गर्दी. भावानं स्टूल पुसून दिलं, चहा आणवला.

"मला तुझ्या शेजारची खोली मिळेल का रे?" ताईंनी विचारलं. "वासाचं काही नाही मला."

भावानं पिंपातून एक बट काढली, पिळली आणि हात भिंतीकडे नेला. तिथे वीतभर भोक होतं. पलीकडून एका हातानं बट ओढून घेतली आणि भावजयीचा आवाज आला, "काळा नको म्हटलं होतं ना! नुकता पिकायला लागलेला हवा!" भावजयीला टोपाची पहिली गाठ ताईंनीच शिकवली होती.

दारात शिंपी आणि बूटवाला येऊन उभे होते.

"विचार यांना," भाऊ म्हणाला. "उठून बोल. तुला जमतं ते."

ताई उठल्या. मग पुन्हा स्टुलावर बसल्या. शिंपी आणि बूटवाला आपापल्या पायांकडे बघत होते.

भाऊ कोपऱ्यात गेला आणि एक पुडकं घेऊन आला. "हे केस ने. रंग नीट बसला नाही, कुणी विकत घेत नाही. पण तुला काय, दाखवायलाच तर हवेत."

ताईंनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा भावाचे आभार मानले.