तात्यांचे तीन सूर

भिगवण स्टेशनावर प्रज्ञा स्कूटर घेऊन हजर होती. माझ्या हातातली ट्रॉम्बोनची (सरकत्या नळीचा लांब पितळी वाजा) पेटी बघून ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ताई, नवरदेवाला घोडा पुरतो, ह्या पेटीला ट्रक लागेल."

मी पुण्यात पितळी वाद्यं आणि जॅझ शिकवते; प्रज्ञा नोकरीसाठी तिथं असताना माझ्याकडे ट्रम्पेट शिकायची. वाजवणं यथातथाच, पण हौस दांडगी. आता तिचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, आणि नवरी स्वतः मला आणायला आली होती. कारण तिचे आजोबा. त्यांचं गाव निरवांगी, आणि सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. ते तिथल्या बँडचे मास्तर. जन्मभर कॉर्नेट (ट्रम्पेटचा बुटका भाऊ) वाजवला, पण गेल्या वर्षी दात काढून कवळी बसवली आणि कॉर्नेट खुंटीला गेला. पितळी वाद्याला ओठांमागे दातांची पक्की भिंत लागते. भिंतच सरकायला लागली तर सूर कशावर उभा राहणार? पण प्रज्ञानं हट्ट धरला होता: तात्या वाजवणार नसतील तर लग्नात बँडही नको आणि डीजेही नको. तात्यांना वाजतं करायला मी आले होते.

भिगवणला येऊन मासे न खाता पुढं जाणं म्हणजे पाप. चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) कुरकुरीत तळलेली, सोबत ज्वारीची भाकरी. हॉटेलवाल्याची नजर माझ्या पेटीवरून हलेना.

"बंदूक हाय का काय?"

"वाजा आहे."

"मग वाजवा की जरा! हायवेची गिऱ्हाइकं तरी थांबतील."

मी एक तुकडा वाजवला. थांबलं कुणीच नाही, पण त्यानं रस्सा फुकट वाढला.

बारामतीपर्यंत पेटी माझ्या मांडीवर आडवी. समोरून उसाची ट्रॉली आली की प्रज्ञा ओरडायची, "उभी करा!" आणि मी पेटी उभी करायची. बारामतीत औषधाच्या दुकानात आम्ही कवळी घट्ट बसवायची पेस्ट मागितली.

"आजोबांना मटण खायचं असंल," दुकानदार म्हणाला.

"कॉर्नेट वाजवायचाय."

"मग मोठी ट्यूब न्या."

निरवांगीत पोचलो तेव्हा तात्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. पांढरा सदरा, ताठ पाठ. माझं स्वागत त्यांनी चहानं केलं, पण आनंदानं केलं असं काही म्हणवत नाही. पेस्ट लावून त्यांनी कॉर्नेट ओठांना लावला. खालचे तीन सूर आले, आणि काय आले! गोल, उबदार, जरासे खरखरीत. चौथ्याला नुसती फुसफुस.

मी घाईनं उपाय सांगून टाकला. बँडमधलं मोठं युफोनियम घ्यावं. त्याचं तोंड रुंद, ओठांवर ताण कमी. दातांची तक्रार असलेल्यांना मी नेहमी हेच सांगते.

"ते वाजवणारी मान्सं कुठं चालत्यात, ठावं हाय का ताई?" तात्यांनी विचारलं. "मागल्या रांगंत. जलमभर मी म्होरं चाललो. नातीच्या लग्नात मागं चालू व्हय?"

ते उठून म्हशीकडे गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. वाद्याचं सगळं बरोबर सांगितलं होतं, फक्त माणूस विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कागद घेऊन बसले. जॅझची मांडणी करताना वाद्यासाठी लिहायचं नसतं, वाजवणाऱ्यासाठी लिहायचं असतं. कुणाकडे काय शिल्लक आहे ते बघायचं आणि बाकीच्यांनी कधी गप्प बसायचं ते ठरवायचं. नेहमीचीच लग्नातली चाल घेतली. मध्येच सगळा बँड एकदम थांबणार, ढोलसुद्धा. जॅझमध्ये त्याला ब्रेक म्हणतात. त्या शांततेत तात्यांचे तीन सूर, आणि लगेच सगळ्यांनी मिळून उत्तर.

तात्यांनी कागद लांब धरून बघितला. "म्हंजे मी बोलवायचं आन् ह्यांनी ओ द्यायची?"

"तेच."

"जमंल की मग!" अंगणात बसून तालीम झाली आणि ती झकास झाली.

लग्नाच्या दिवशी विहारात वंदना झाल्यावर मिरवणूक निघाली. मी ट्रॉम्बोन घेऊन मागल्या रांगेत. हल्लीच्या नवऱ्या मांडवात वाट बघत बसत नाहीत. प्रज्ञाही नाचायला उतरली होती. चौकात गोल झाला, मधोमध तात्या. चाल रंगली आणि ब्रेक आला. सगळी वाद्यं थांबली.

आणि लोक चालू लागले! बँडसकट! मी शेजारच्या ढोलवाल्या बाळूला विचारलं, "अरे, कुठं चाललात?"

"वाजाप थांबलं की म्होरं चालायचं, ताई. पायाला सवय हाय!"

पाहुण्यांनाही तीच सवय. "चला, चला" करत सगळी वरात पुढं सरकली. तात्या मात्र कवळी सावरत, श्वास भरत चौकातच उभे राहिले. मागं चालायचं नाही म्हणून रुसलेला माणूस सगळ्यांच्या मागं एकटा पडला होता. हे मी काय करून ठेवलं?

तात्यांनी कॉर्नेट उचलला आणि ते तीन सूर वाजवले.

पुढून बाळूचा ढोल आधी कडाडला, मग चालता चालताच बँडनं उत्तर दिलं. प्रज्ञा गर्रकन वळली आणि पदर खोचून पळत आली. तिच्यामागून नवरदेव, बँड, पाहुणे, सगळी वरात उलटी फिरली. सगळ्यांची तोंडं तात्यांकडे झाली. आता तेच सगळ्यांच्या पुढं होते. मला रडू आलं, आणि रडत ट्रॉम्बोन वाजवता येत नाही हेही कळलं.

मग प्रत्येक चौकात हेच. ब्रेक आला की लोक मुद्दाम पुढं पळायचे, तात्यांनी बोलवावं म्हणून. जेवणं उशिरा झाली, पण कुणी कुरकुर केली नाही.

परत निघताना तात्या स्टँडपर्यंत सोडायला आले. कवळी खिशात होती, त्यामुळं बोलणं जरा फुसफुसत होतं. मी म्हटलं, "तात्या, सराव ठेवा. चौथा सूरही निघेल."

"न्हाय निघाला तरी चालंल," ते म्हणाले. "म्होरल्या लग्नाला सूर तेवढंच ठिवा. मान्सं वळायच्या जागा तेवढ्या वाढवा."

पुण्यात परत येऊन शिकवणी सुरू केली आहे. मुलं वरचे सूर काढायला धडपडतात, मीही धडपडू देते. पण हल्ली प्रत्येकाला आधी एकच विचारते: तुझ्याकडे आज जेवढं आहे तेवढ्यात, पुढं गेलेल्या कुणाला मागं वळवशील का?