चेंडूवर बसलेले ड्रायव्हर

चोवीस वर्षं एसटी चालवूनही साहेबराव गायकवाडांच्या कमरेनं कधी कुरकुर केली नव्हती. तिला जेरीला आणलं ते पाण्याच्या घागरीनं. २०१६ चा उन्हाळा. लातुरात नळ कोरडे पडलेले. गल्लीत टँकर आला की साहेबराव खाकी न उतरवताच धावायचे. एक दिवस दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात कमरेत चमक भरली आणि ते पायरीवरच बसले. उठवायला दोघं लागले.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. फिटनेसचा दाखला मिळेपर्यंत स्टिअरिंग बंद. डेपोत बसून करायचं काम मिळालं, पण अर्ध्या तासात डावा पाय बधिर व्हायचा. आता जन्मभर असंच की काय, हा घोर त्यांनी बायकोला, कोंडाबाईंनाही सांगितला नाही.

खालच्या मजल्यावरच्या माणिकप्पांची सून रुद्राणी फिजिओथेरपिस्ट. तिनं एका संध्याकाळी गुडघ्याएवढा उंच निळा चेंडू आणला.

"काका, यावर बसायचं. पाय जमिनीला, पाठ ताठ. सध्या एवढंच."

"अगं, मी काय लेकरू हाय का? चेंडू द्यायलीस!"

"बसून तर बघा."

तिच्यासमोर जमलं. दुसऱ्या दिवशी एकटेच बसायला गेले, तर चेंडू सटकला आणि साहेबराव घरंगळत पाण्याच्या पिंपावर आदळले. कोंडाबाई धावत आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी आधी पिंप धरलं.

"आगं, मला धर की!"

"तुमी तर पडलाच, आनखी कुठं पडनार? ह्ये आठ दिवसाचं पानी हाय!"

साहेबरावांना हसू फुटलं. कमरेत कळ आली तरी थांबेना.

मग चेंडू दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवला आणि कोंडाबाई खांद्याला धरून समोर उभ्या राहू लागल्या. आधी नुसतं बसणं, मग कंबर हळूहळू गोल फिरवणं. शेवटी उताणं निजून पोटऱ्या चेंडूवर टाकल्या की पाठीतला ताठा सुटायचा. चौथ्या आठवड्यात पाय बधिर होणं थांबलं. येताजाता टिंगल करणारे शेजारचे हणमंतराव एक दिवस स्वतःच कंबर धरून दारात आले.

जूनमध्ये तपासणी झाली. डॉक्टरांनी वाकवलं, टाचांवर चालवलं आणि सही केली. साहेबरावांनी तो कागद तीनदा वाचला.

पहिली फेरी उदगीरची. मागं प्रवासी उदगीर जिल्हा होणार की नाही यावर तावातावानं भांडत होते. साहेबरावांचं सगळं ध्यान कमरेकडं. प्रत्येक गचक्याला ते श्वास रोखायचे, पण कंबर गप्प होती. उदगीरला उतरल्या उतरल्या त्यांनी घरी फोन लावला.

"पोचलो गं."

"अन् कंबर?"

"हाय जागच्या जागी."

पलीकडं कोंडाबाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"लई बरं झालं," त्या म्हणाल्या. "च्या घ्या, अन् सावकाश या."