अर्जासोबत आलेले पिल्लू

म्हैसूरच्या नजरबादेतील सरकारी कचेऱ्यांसमोर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. तरीही माझा कन्नड मसुदा दुरुस्तीसाठी परत आल्याचे एकही उदाहरण नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक समजतो.

माझ्या टेबलाशेजारी एक निवृत्त विज्ञानशिक्षक रोज येऊन बसत. आमच्याप्रमाणेच त्यांचे घराणेही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले, मराठी. निसर्गाची, रानावनातल्या भटकंतीची नवी पुस्तके ते पुण्याहून टपालाने मागवीत आणि माझ्या छत्रीच्या सावलीत वाचीत.

"मास्तर, बसल्या जागी जंगल हिंडता. पाय दुखत नाहीत ना?" मी विचारी.

"तुमच्या अर्जांपेक्षा यात खरं जास्त असतं कण्री," ते पानावरची नजर न काढता कानडी वळणाने म्हणत.

ऊसतोडीच्या दिवसांत एका दुपारी वरुणा गावाकडचा एक शेतकरी मोटारसायकलवरून आला आणि त्याने झाकणाला दोरी बांधलेली टोपली माझ्या टेबलावर ठेवली. आत बिबट्याचे पिल्लू होते. मांजराएवढे, निळसर डोळ्यांचे. सकाळी ऊस तोडताना सापडले होते. तोडणारे सगळे पळाले होते.

"स्वामी, वन खात्यात द्यायचं आहे. अर्जाशिवाय गेलो तर दारातच अडवतील, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

मला त्याचे करणे सर्वथा योग्य वाटले. पिल्लू खात्याने कायमचे ताब्यात घ्यावे, अशी विनंती मी सविस्तर लिहावयास घेतली आणि खाली नोंदविले, 'सोबत: बिबट्याचे पिल्लू, नग एक.'

एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बायको बोलत होती. ऐकता ऐकता तो उभाच राहिला.

"याची आई गोठ्यामागच्या उसातून ओरडतेय, म्हणते बायको. घरात ती आणि लहान मुलगी, दोघीच आहेत. लवकर लिहा, स्वामी."

"लिहितोच आहे. घाईचा मसुदा टिकत नाही."

मास्तरांनी पिशवीतून त्याच आठवड्यात आलेले पुस्तक काढले. उसात राहणाऱ्या बिबट्यांवरचे होते. त्यांनी भराभर पाने उलटली आणि माझ्या कागदावर हात ठेवला.

"थांबवा हे. पिल्लू नाहीसं झालं की आई तिथंच शोधत राहते, चिडते. सापडलं त्याच जागी परत ठेवायला हवं. आज, अंधार पडायच्या आत."

"पुस्तक लिहिणारा यांच्या घरी राखणीला बसणार आहे का?" मी म्हणालो.

शेतकरी घाबरला. "परत ठेवू? म्हणजे ती आमच्याच शेतात राहणार?"

"अय्यो, ती आत्ताही तिथंच आहे की! पिल्लू इथं आहे, एवढाच फरक."

शेतकऱ्याने मास्तरांकडे पाहिले नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी सांगेन तेच तो करणार होता. टोपलीत नखे घासल्याचा आवाज येत होता.

मी पुस्तक घेतले आणि ते पान दोनदा वाचले. त्यातील काही शास्त्रीय शब्द मला कळले नाहीत, हे मी मास्तरांना कळू दिले नाही.

"ती नक्की येते?"

"नक्की नाही. बहुतेक वेळा येते, कधी येत नाही, असं स्वच्छ लिहिलंय."

त्या वाक्याने माझा निर्णय झाला. माझ्या बावीस वर्षांच्या लेखनात 'कधी येत नाही' अशी कबुली एकदाही आलेली नव्हती. मी ताब्याच्या विनंतीचा शेवटचा परिच्छेद खोडला आणि टोपली उचलून वन खात्याच्या कचेरीत शिरलो. अधिकाऱ्यांनी पिल्लू पाहिले, घड्याळ पाहिले. अर्जाकडे पाहिलेही नाही. "जागा दाखवायला चला," एवढेच म्हणाले आणि जीप काढायला सांगितली.

सूर्य कलला तेव्हा टोपली तोडलेल्या उसाच्या कडेला उघडी ठेवलेली होती आणि आम्ही तिघे अधिकाऱ्यांसोबत कालव्याच्या बांधावर जीपमध्ये, काचा चढवून. पलीकडे घराची दारेखिडक्या बंद. पिल्लू थोडे ओरडले, मग गप्प झाले. ती आली नाही तर रात्री त्या घरापाशी जे घडेल ते माझ्या सांगण्यावरून घडलेले असेल, हा विचार माझ्याच्याने बाजूस सारवेना.

वारा नसताना डावीकडचा ऊस हलला.

ती पोट जमिनीला टेकवत आली. तिने जीपकडे पाहिले. शेतकऱ्याने माझे मनगट आवळले. तिने टोपली हुंगली, पंजाने उलटी केली, आणि पिल्लू तिथेच टाकून उसात परतली.

"वास आला आपला," मास्तर पुटपुटले.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. ती पुन्हा बाहेर आली, तेव्हा कुठेही न पाहता तिने पिल्लाची मानगूट धरली आणि निघून गेली. ऊस थोडा वेळ हलत राहिला.

शेतकऱ्याचा फोन वाजला. त्याने तो माझ्या हाती दिला.

"आवाज थांबला," पलीकडून बाई म्हणाली. "काय झालं?"

"नेलं, ताई," मी म्हणालो. "दार मात्र आज उघडू नका. आम्ही तिकडेच येतो आहोत."